ग्रह पळतो म्हणून सापडतो

परग्रहाच्या हवेत अमुक वायू सापडला अशी बातमी आली की कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच, "तिथं जाऊन कोण बघून आलंय?" प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक वेळा दुर्बिणीतनं ग्रह वेगळा दिसतच नाही, तारा आणि ग्रह दोघांचा उजेड एकत्रच येतो आणि त्यात ग्रहाचा वाटा अगदी चिमूटभर असतो.

प्रत्येक वायू प्रकाशातले ठरावीक रंग गिळतो, प्रकाश रंगारंगात पसरवून बघितला की तिथं काळ्या रेषा दिसतात. पण खरी अडचण आपल्याच हवेची आहे. पृथ्वीच्या वातावरणातली वाफ, मिथेन हेपण आपल्या रेषा मारतात, म्हणून मोठ्या दुर्बिणी चिलीच्या वाळवंटात उंचावर नेऊन बसवल्यात, तरी हवा पूर्ण टळत नाहीच.

मग युक्ती काय, तर वेग. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत गच्चीवरनं चेहरे ओळखू येत नाहीत, पण सगळे उभे असताना एकजण सरकत असला तर नजर बरोबर त्याच्यावर जाते ना, तसंच. एचडी 209458 बी हा ग्रह त्याच्या ताऱ्याभोवती सेकंदाला साधारण 140 किलोमीटरनं पळतो, त्यामुळं डॉप्लर परिणामानं, म्हणजे वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना तिच्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो त्यानं, त्याच्या रेषा तासातासाला सरकतात आणि पृथ्वीच्या रेषा जागच्या हलत नाहीत. जे हलत नाही ते काढून टाकायचं. उरलेल्यात एकेक रेषा इतकी फिकी की एकटी दिसायची नाही, म्हणून कॉम्प्युटरवर त्या वायूच्या सगळ्या रेषांचा नमुना बनवून तो वेगवेगळ्या वेगानं सरकवत जुळवून बघतात, सगळ्यांची बेरीज झाली की सिग्नल वर येतो.

यासाठी प्रकाशाचे रंग 1 लाखात 1 इतक्या बारीक फरकानं वेगळे करणारा स्पेक्ट्रोग्राफ लागतो. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या अशाच यंत्रानं खगोलशास्त्रज्ञ इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये या ग्रहावर कार्बन मोनॉक्साइड दाखवला, वर सेकंदाला 2 किलोमीटरच्या वाऱ्याचा अंदाजही दिला! हा आकडा मात्र सैल धरा, 1 किलोमीटर इकडंतिकडं होऊ शकतं असं त्यांनीच सांगितलेलं.

आपल्या सोलापूर-विजापूर भागाचा पण या रेषांशी जुना संबंध आहे बरं का. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशाचे रंग वेगळे करून बघायचं यंत्र) घेऊन विजापूरच्या पलीकडं जमखंडीत बसला होता. त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात जी अनोळखी पिवळी रेषा दिसली तिच्यावरनंच पुढं हेलियमला नाव मिळालं, पृथ्वीवर तो सापडायला 1895 उजाडलं. आणि 2018 मध्ये, बरोबर दीडशे वर्षांनी, स्पेनमधल्या कार्मेनेस स्पेक्ट्रोग्राफनं वास्प-69 बी या ग्रहावर हेलियम पकडला, पिवळी नाही तर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमधली रेषा वापरून. ग्रह ताऱ्यासमोरनं बाजूला झाल्यावरपण ती रेषा थोडा वेळ टिकून होती, म्हणजे ताऱ्याच्या माऱ्यानं ग्रहाची हवा उडून चाललीय आणि धूमकेतूसारखी शेपटी मागं राहतीय.