पुठ्ठ्यात किती आणि पेढ्यात किती

महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी मिठाईच्या खोक्याचा रिपोर्ट पाठवतं आणि विचारतं, "मायग्रेशन पास आहे ना हो?" मायग्रेशन म्हणजे खोक्यातलं किती अन्नात उतरतं त्याची चाचणी. रिपोर्टवर लिहिलेलं असतं हॉट वॉटर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे पुठ्ठा गरम पाण्यात ठेवून त्यातून काय निघतं ते. मायग्रेशन केलेलंच नाही.

प्लॅस्टिकच्या डब्याची मायग्रेशन चाचणी बहुतेकांना पाठ असते. पाणी, 3 टक्के ॲसेटिक ॲसिड किंवा हेप्टेन (तेलकट पदार्थाच्या जागी वापरतात तो द्रव) ठरलेला वेळ डब्याच्या संपर्कात ठेवायचं, मग आटवून खाली उरलं त्याचं वजन करायचं. किलोभर अन्नामागे 60 मिलिग्रॅमच्या आत आलं की पास. कागदाला हे जसंच्या तसं लावू नका. कागदाचा लगदा होतो आणि काट्यावर त्याचे तंतूच मोजले जातात.

एक्स्ट्रॅक्शन म्हणजे पुठ्ठ्याचा चहा करणं. तुकडे करून पाण्यात घालायचे: युरोपीय पद्धतीत थंड पाण्यात 23 अंशांना 24 तास, गरम पाण्यात 80 अंशांना 2 तास. थंड की गरम यावरही लोक वाद घालतात. पिठाच्या पिशवीला थंड, चहाच्या फिल्टरला गरम, झालं. यातून कळतं ते एवढंच, की पुठ्ठ्यातून काय निघू शकतं.

अन्नात खरोखर किती उतरेल, ते मायग्रेशन सांगतं. कोरड्या पदार्थाच्या जागी टेनॅक्स नावाची पांढरी, रव्यासारखी पूड वापरतात. काचेच्या बशीत पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चौरस डेसिमीटरला 4 ग्रॅम पूड, वर झाकण, आणि साधारण 40 अंशांच्या ओव्हनमध्ये 10 दिवस. मग पूड द्रावकाने धुऊन ते द्रावण गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे त्यातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर लावायचं.

खरी गोची एककात आहे. दोन्ही रिपोर्टांवर 'मिलिग्रॅम प्रति किलो' असंच छापलेलं असतं, पण किलो कशाचा? एक्स्ट्रॅक्शनमध्ये बहुतेकदा कागदाचा, मायग्रेशनमध्ये अन्नाचा. हे कुणी वाचतच नाही.

समजा, यूव्ही शाईतलं (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या छपाईच्या शाईतलं) बेंझोफिनोन नावाचं रसायन पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकाने काढून मोजलं आणि किलोभर पुठ्ठ्यात 5 मिलिग्रॅम निघालं. युरोपच्या प्लॅस्टिक नियमात त्याची मर्यादा किलोभर अन्नामागे 0.6 मिलिग्रॅम ठरली. कागदालाही लोक तीच लावतात. 5 हा आकडा बघून मालक हबकतो. पण खोकं 40 ग्रॅमचं, म्हणजे त्यात एकूण 0.2 मिलिग्रॅम. आत 500 ग्रॅम पेढे. सगळंच्या सगळं पेढ्यांत उतरलं तरी किलोला 0.4. बेंझोफिनोनपुरता प्रश्न मिटला, 10 दिवसांच्या चाचणीचा खर्च वाचला. त्याच खोक्यात 100 ग्रॅम चिवडा भरला तर? किलोला 2. आता मात्र मायग्रेशन करावंच लागेल. खोकं तेच, पुठ्ठा तोच, रिपोर्टवरचा 5 सुद्धा तोच! म्हणून मी आधी द्रावकातलं एक्स्ट्रॅक्शन आणि हा गुणाकार-भागाकार करायला सांगतो. त्यात अडलं तरच मायग्रेशन. आत काय आणि किती भरणार हे न सांगता नुसतं रिकामं खोकं पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

द्रावक म्हणतोय, पाणी नव्हे. कारण पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून सुटका होत नाही. ग्रे बॅक डुप्लेक्सची, म्हणजे एका बाजूने पांढऱ्या आणि दुसऱ्या बाजूने करड्या पुठ्ठ्याची, करडी बाजू रद्दीच्या लगद्याची असते आणि रद्दीत वर्तमानपत्रांच्या शाईतलं खनिज तेल येतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हॉट वॉटर एक्स्ट्रॅक्टमध्ये दिसतही नाही. (थेट वर्तमानपत्रात बांधलेल्या वडापावाला तर चाचणीच नको, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या पॅकेजिंग नियमांत त्याला साफ मनाई आहे.)

"माल कोरडा आहे, पुठ्ठ्याला चिकटतसुद्धा नाही," हे वाक्यही रोजचं. वाणसामानाच्या पिशवीत साबणाशेजारी चहापूड ठेवून बघा. हलकं खनिज तेल असंच वाफेने जातं, पदार्थ पुठ्ठ्याला टेकायची गरज नाही. टेनॅक्सची पूड नेमकी ही वाफ धरते. आणि आत पातळ पॉलिथिनची पिशवी घातली की निर्धास्त, असं समजू नका. त्यातून ही वाफ हळूहळू पार होते. ॲल्युमिनियमचा अखंड थर असेल तर अडते.