वेताळ

वेताळ हा लोकश्रद्धेनुसार भूतगणांचा अधिपती, महाराष्ट्र व गोव्यातील एक ग्रामदेवता आणि भारतीय भयकथेतील बहुधा सर्वांत दीर्घायुषी पात्र होय. गोव्यात त्याला बेताळ, तर दक्षिण कोकणात आदराने वेतोबा म्हणतात. संस्कृत साहित्यात प्रेतात शिरून ते चालतेबोलते करणारा तो वेताळ, अशी त्याची ओळख आहे. कालिकापुराणात मात्र वेताळ आणि भैरव हे शिवाचे पुत्र ठरतात.

देशावर वेताळाचे ठाणे सहसा गावाबाहेर, माळावर किंवा टेकडीवर असते. मूर्ती नसते, शेंदूर फासलेला एक उभा दगड आणि त्याच्याभोवती कडे धरून बसवलेले लहान दगड, म्हणजे वेताळ व त्याचे सैन्य, एवढीच मांडणी असते. पुण्याच्या वेताळ टेकडीला अशाच देवस्थानावरून नाव पडले. अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी दिवट्या पाजळीत निघते आणि तिच्या वाटेत माणसाने येऊ नये, ही समजूत खेड्यापाड्यांत सर्वदूर आढळते.

कोकणात उतरल्यावर या भयाचा पोत बदलतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाची पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती असून नवस फेडताना त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून वाहिलेल्या वहाणांचे तळ झिजतात, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. गोव्यात काणकोण तालुक्यातील लोलये येथे त्याची उघड्यावर उभी असलेली भव्य नग्न पाषाणमूर्ती आहे. ज्याच्या धाकात सगळी भुते आहेत तोच त्यांच्यापासून गाव राखू शकेल, हा या उपासनेमागील विचार ध्यानात घेतला नाही, तर वेताळाला निव्वळ पिशाच समजण्याची चूक होते.

साहित्यातील वेताळाचा उगम श्मशानात आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळकथांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटते आणि आतून रत्न निघते. या उपकारापोटी राजा भिक्षूच्या सांगण्यावरून रात्री श्मशानातील शिंशपा वृक्षावरचे प्रेत त्याच्याकडे नेण्यासाठी खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून शेवटी पेच घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटणार, आणि बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. अखेरच्या पेचाला राजाजवळ उत्तरच नसते. त्याच्या त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ भिक्षूचा कपटी बेत उघड करतो आणि राजाचे प्राण वाचवतो.

या कथांचे रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये केलेले इंग्रजी रूपांतर वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हणते. हे नाव दिशाभूल करणारे आहे: व्हॅम्पायर हे पूर्व युरोपच्या लोककथांतील, स्वतःच्याच मृतदेहातून उठून रक्त शोषणारे प्रेत, तर या कथांतला वेताळ परक्या देहात वस्तीला येतो आणि भूक भागवण्याऐवजी न्यायनिवाड्याचे प्रश्न विचारतो.

मराठीत ‘वेताळ पंचविशी’ आणि पुढे ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळाच्या गोष्टींमुळे तो मुलांच्याही ओळखीचा झाला. बोलीत मात्र जुनी भीती टिकून आहे: रानात रात्री दिसणाऱ्या फिरत्या ज्वाळेला आग्यावेताळ म्हणत, आणि आज तोच शब्द भडक डोक्याच्या माणसासाठी सर्रास वापरला जातो.