भोपळा (‘म्हातारी आणि भोपळा’ या लोककथेतील)

भोपळा : मराठी बालकथेतील एक चालते-बोलते वाहन. लेकीकडून परत निघालेली म्हातारी याच्या पोटात बसून रानातल्या जनावरांच्या हातावर तुरी देते. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ या पालुपदाने कथा ओळखली जाते. कथाभाग थोडक्यात असा : लेकीच्या गावी निघालेल्या म्हातारीला वाटेत एकेक जनावर अडवते. लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा, असे सांगून ती प्रत्येकाची बोळवण करते. परतताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते. जनावरे भोपळ्यालाच म्हातारीचा पत्ता विचारतात आणि आतून कानांवर हात ठेवले जातात. वाघ बहुतेक पाठांत (कथेच्या वेगवेगळ्या सांगितल्या जाणाऱ्या रूपांत) असतोच. कोल्हा, लांडगा, अस्वल, सिंह यांपैकी कोण आणि किती, हे सांगणाऱ्यावर असते. शेवटही एक नाही. काही पाठांत म्हातारी सुखरूप घरी पोचते, काहींत भोपळा फुटतो आणि तिला आणखी एक युक्ती लढवावी लागते.

भोपळ्याची जात : मराठीत ‘भोपळा’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या वेलींच्या फळांना चालतो. एक दुधी भोपळा (लॅजिनेरिया सायसेरारिया). याचेच कडू, जाड सालीचे, गोल किंवा कंबर आवळलेले वाण म्हणजे तुंबा. संस्कृतात अलाबु, तुंबी. दुसरा तांबडा भोपळा (कुकुर्बिटा मोस्चाटा, कुकुर्बिटा मॅक्झिमा), ज्याला काही भागांत डांगर म्हणतात. पहिला मूळचा आफ्रिकेतला आणि भारतात फार प्राचीन. दुसऱ्याचे सारे कूळ अमेरिकेतले. मेक्सिकोतील ग्विला नाकित्स गुहेत सापडलेल्या त्याच्या एका भाऊबंदाच्या, कुकुर्बिटा पेपोच्या, बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच हे कूळ जुन्या जगात आले. रोममधील व्हिला फार्नेसिना या वाड्याच्या छतावर १५१५ ते १५१८ च्या सुमारास रंगवलेल्या फळापानांच्या माळांत ते दिसते. भारतात ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले असावे असा सर्वसाधारण समज आहे.

हा तपशील कथेच्या दृष्टीने दुय्यम नाही. पुस्तकांतल्या चित्रांमुळे आज डोळ्यांपुढे येतो तो फाकळ्या-फाकळ्यांचा, केशरी-तांबडा भोपळा. तोच मुळातला मानला, तर कथेचे आजचे रूप सोळाव्या शतकाच्या अलीकडचे धरावे लागते. तुंबा मानला, तर अशी मर्यादा उरत नाही. पण तेवढ्यावरून कथा प्राचीन ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तुंब्याच्या बाजूने पुरावा बराच आहे. पक्व तुंबा वेलावर किंवा छपरावर महिनोन्‌महिने वाळत ठेवला की आतला गर सुकून कागदासारखा होतो, साल लाकडासारखी टणक होते आणि हलवल्यावर बिया खुळखुळतात. देठाकडून भोक पाडून आतला चोथा काढला की हलके, पोकळ आणि पाणी न शिरणारे भांडे तयार. बैराग्याचा कमंडलू, गारुड्याची पुंगी, एकतारी, तंबोऱ्याचा घुमारा ही सगळी याच फळाची रूपे. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे पंढरपूरच्या परिसरातून येणारे भोपळे याच जातीचे असतात, आणि त्यांना तिथे नुसते ‘भोपळे’च म्हणतात. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधला जाई तोही हाच. आत बसायचे, वरून बंद व्हायचे आणि आपटले तरी लगेच फुटायचे नाही, हे ज्याच्याकडून मागता येईल असे फळ एवढेच. तांबडा भोपळा कापल्यावर आत ओलसर गर आणि दोरे. वाळवू गेले तर तो बहुधा कुजतो.

भाषेतही दोन्ही भोपळे वेगळे उरले आहेत. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ या म्हणीतला भोपळा विळीवर चिरायचा आहे. ‘भ्रमाचा भोपळा फुटणे’ यातला मात्र फुटतो, आणि फुटल्यावर आत काही निघत नाही. कथेतला भोपळा, जिथे त्याचा अंत सांगितला जातो तिथे, फुटतोच. त्याला कोणी चिरत नाही. ही कथा इतर भाषांतही सांगितली जाते, आणि त्या पाठांचाही कौल याच बाजूला पडतो. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० मध्ये छापलेल्या बंगाली पाठात कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि नात तिला पोहे व चिंच देऊन लाऊच्या, म्हणजे दुधी भोपळ्याच्या, खोलात (पोकळ कवचात) बसवते. पोर्तुगीज पाठात ‘काबासा’ आहे. हा त्या भाषेत तुंब्याचाच शब्द असून तांबड्या भोपळ्याला तिथे ‘अबोबोरा’ हा वेगळा शब्द आहे. फारसी पाठातला ‘कदू’ मात्र मराठी ‘भोपळ्या’सारखाच दोहोंना लागू पडतो. एकंदरीत मुळात तुंबा असावा आणि तांबडा भोपळा चित्रकारांनी आणला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आकाराचा आक्षेप दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. माणूस बसेल एवढा तुंबा होत नाही. कुकुर्बिटा मॅक्झिमाची स्पर्धेसाठी वाढवलेली फळे अलीकडे १,२०० किलोंच्या वर गेली आहेत, आणि ती कोरून त्यांत बसून वल्हवण्याच्या शर्यतीही होतात. पण असे फळ स्वतःच्या भाराने बसके होते. ते टुणुक करणे शक्य नाही.

जादूचे स्वरूप : या भोपळ्यात मंत्र नाही, वर नाही, शाप नाही. शार्ल पेरो याच्या १६९७ च्या फ्रेंच कथासंग्रहातल्या सिंड्रेलाच्या भोपळ्याशी त्याची तुलना नेहमी होते. तिथे धर्ममाता भोपळा कोरून नुसती साल ठेवते आणि छडी लावून तिची सोनेरी बग्गी करते. उंदरांचे घोडे होतात, घुशीचा गाडीवान, सरड्यांचे हुजरे. म्हणजे बग्गी झाल्यावर भोपळा उरतच नाही. (सिंड्रेलाच्या कथेला तरी भोपळा अटळ आहे असे नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन पाठात त्याच्या जागी आईच्या थडग्यावरचे झाड आणि पाखरे आहेत.) मराठी भोपळा शेवटपर्यंत भोपळाच राहतो, फक्त तो चालतो.

चालतो कसा, इथे मराठी पाठ शेजाऱ्यांपासून फुटून निघतो. बंगाली लाऊ गडगडतो. फारसी कथेच्या नावातच गडगडण्याचा आवाज आहे. पोर्तुगीज काबासाला ‘पळ, पळ’ म्हणतात, पण तोही घरंगळतच जातो. गडगडायला उतार लागतो किंवा कोणाचा तरी धक्का लागतो. काही पाठांत जनावरच भोपळ्याला लाथ मारते आणि त्याला पुढची वाट मिळवून देते. ‘टुणुक’ म्हणजे उडी. बेडूक, टोळ, लहान मूल टुणुक करतात, म्हणजे ज्यांच्या अंगात जीव आहे ते. या एका शब्दाने फळाला पाय फुटले आहेत. याचे दुसरे स्पष्टीकरण साधे आहे : ‘म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक’ या ओळीला यमक हवे होते आणि ‘टुणुक’ जवळचे सापडले. यमकाचा वाटा नाकारता येत नाही. पण वाळका पोकळ भोपळा दगडावर पडला की खरोखरच उसळतो, हेही तितकेच खरे. तुंब्याचा पक्ष इथे पुन्हा बळावतो.

बोलतो कोण, हा या कथेतला सर्वांत गमतीचा प्रश्न. वाघ विचारतो भोपळ्याला. उत्तरातले ‘मला’ भोपळ्याचे म्हणून वाघ ऐकतो. पण त्याच दमात ‘चल रे भोपळ्या’ अशी हाक येते, आणि स्वतःलाच कोणी अशी हाक मारत नाही. एकाच वाक्यात आधी भोपळ्याचा आव आणून दुसऱ्या अर्ध्यात म्हातारी स्वतःला उघडी पाडते. वाघाला ते कळत नाही. ऐकणाऱ्या पोराला पहिल्याच खेपेला कळते, आणि कथेची सगळी मजा त्या अंतरात आहे. बोलणारा भोपळा असे म्हणून ही कथा जादूच्या वर्गात टाकणाऱ्यांनी या ओळीकडे नीट पाहिलेले नाही. बंगाली पालुपदात ही फट दिसत नाही. तिथला आवाज पोहे-चिंच खात असल्याचे सांगतो आणि म्हातारी कधीच लांब गेली म्हणून मोकळा होतो.

उगम व प्रसार : लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ‘मी लठ्ठ होईपर्यंत थांब’ हा घटक आर्ने-थॉम्प्सन-उथर क्रमांक १२२ एफ खाली येतो. हा क्रमांक कथेच्या पूर्वार्धापुरता आहे. पोकळ वस्तूत दडून परतणे हा उत्तरार्ध त्याला नेहमीच जोडलेला असतो असे नाही, आणि जोडला तरी ती वस्तू भोपळाच असते असेही नाही. स्टील व टेंपल या इंग्रज कथासंग्राहकांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंजाबी कथेत म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे जाऊन लठ्ठ होते आणि मेलेल्या भावाच्या कातड्याच्या ढोलक्यात बसून गडगडत परतते. तिथे कोल्हा आवाज ओळखतो आणि कोकराचा घास होतो. तीन डुकरांच्या इंग्रजी कथेतले डुक्कर लांडग्याला चुकवून लोणी घुसळायच्या पिंपातून टेकडी उतरते, पण लठ्ठ होण्याचे वचन तिथे नाही.

म्हातारी, नातेवाईक बाई आणि फळ ही तिन्ही एकत्र येतात ती इराण, महाराष्ट्र, बंगाल आणि थेट पोर्तुगाल येथे. या पसाऱ्याचा अर्थ लावताना मतभेद आहेत. कथांचे माहेर भारत, हे जर्मन पंडित थिओडोर बेन्फायने १८५९ मध्ये मांडलेले मत इथे लावायचे तर अडचण येते, कारण त्याचा भर पंचतंत्रासारख्या ग्रंथांच्या भाषांतरांवर होता आणि भोपळ्याची ही कथा पंचतंत्रात नाही. सारख्या परिस्थितीत सारख्या कथा आपोआप सुचतात, हा लोककथांचा स्कॉटिश अभ्यासक अँड्र्यू लँग याच्या परंपरेतला विचार साध्या घटकांना ठीक आहे. एवढे तीन-चार दुवे एकाच क्रमाने स्वतंत्रपणे जुळणे अवघड. इराणपासून बंगालपर्यंतचा पट्टा खुष्कीने जोडलेला आहे आणि तिथे कथा तोंडोतोंडी सरकली असावी. पोर्तुगालचा दुवा समुद्रमार्गे मानण्याचा मोह होतो, कारण गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत होते. मात्र कथा इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली, हे केवळ जहाजांच्या वाटेवरून ठरत नाही. इबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) अरब सत्ता शतकानुशतके होती, तेव्हा तीच कथा पश्चिम आशियातून दोन्हीकडे पसरली असणेही संभवते, आणि दोन्ही टोकांना तुंब्याचाच शब्द टिकला आहे हे या शक्यतेला अनुकूल आहे.

तुंब्यात माणूस असणे ही कल्पना भारतीय वाङ्मयात फार जुनी आहे. रामायणाच्या बालकांडात सगराची राणी सुमती हिला तुंबा होतो आणि तो फुटून साठ हजार पुत्र बाहेर पडतात. महाभारताच्या वनपर्वात राजा तो अलाबु टाकून द्यायला निघतो तेव्हा आकाशवाणी त्याला थांबवते आणि एकेक बी तुपाच्या घागरीत ठेवायला सांगते. तूप दोन्हीकडे आहे, पण त्यावरून म्हातारीच्या तूपरोटीचा संबंध सगराशी जोडणे ताणाचे होईल. तिथला तुंबा गर्भ आहे, इथला गाडी.

चित्रे व सादरीकरण : चित्रांत भोपळ्याला बहुधा खिडकी पाडलेली असते आणि तीतून म्हातारीचा पांढरा अंबाडा दिसतो. कथेच्या दृष्टीने ही चूकच, कारण मग वाघालाही ती दिसायला हवी. सांगताना ‘टुणुक’ला आवाज चढवतात आणि मांडीवरच्या मुलाला गुडघ्याने उडवतात.