हिमनदीचा चिखल की दरडीचा?

एखादा हिरवट-करडा खडक बघा. गाभा पिठासारख्या बारीक मातीचा, आणि त्यात वाटाण्याएवढ्या खड्यापासून माणसाला बसता येईल एवढ्या धोंड्यापर्यंत वाट्टेल त्या मापाचे दगड रुतलेले. थर नाहीत, लहान-मोठ्याचा क्रम नाही, बरेचसे दगड एकमेकांना टेकलेलेही नाहीत. घमेलंभर चिखलात कुणी मूठ-मूठ दगड भिरकावले आणि ते तसेच वाळले, असं वाटावं.

हा नदीचा गाळ नाही, एवढं लगेच सांगता येतं. नदी पाखडते. माती पुढे नेते, वाळू वळणावर टाकते, गोटे मागे ठेवते. प्रवरेकाठी नेवाशाला चुन्याने सांधलेले जुने गोट्यांचे थर आहेत. त्यांत गोट्याला गोटा टेकलेला दिसतो आणि मधल्या फटीत वाळू. आपल्या खडकात पाखडणं झालेलंच नाही. न पाखडता सगळं एकत्र वाहून नेणारे दोघेच मोठे हमाल आहेत: हिमनदी आणि चिखलाचा लोंढा. घोटाळा होतो तो या दोघांत.

हिमनदीने टाकलेल्या अशा गाळाचा खडक झाला की त्याला टिलाइट म्हणतात. टिलाइट म्हणजे तिथे एके काळी बर्फ होता, म्हणजे हवामान थंड होतं. चिखलाचा लोंढा मात्र कुठल्याही हवामानात येतो. त्याला तीव्र उतार, सुटी माती आणि भरपूर पाणी एवढंच लागतं. माळीणला 30 जुलै 2014 च्या सकाळी हे तिन्ही एकत्र आले, तळियेला 2021 च्या जुलैत. म्हणजे खडक ओळखण्यात चूक झाली, तर भर उष्ण कटिबंधात अख्खं हिमयुग उभं राहतं. म्हणूनच 1960 साली अमेरिकी भूवैज्ञानिकांनी ‘डायमिक्टाइट’ हा शब्द काढला. ‘बारीक मातीत मिसळलेले सर्व मापांचे दगड’, एवढाच त्याचा अर्थ. कुणी आणून टाकले, याबद्दल तो शब्द मुद्दामच गप्प आहे. मला तो फार आवडतो. आधी दिसतंय ते लिहावं आणि आरोपपत्र नंतर ठेवावं, ही शिस्त त्यात आहे.

आता दगड हातात घ्या. हिमनदीच्या तळाशी बर्फात गोठून अडकलेला दगड काचकागदावर लाकूड घासावं तसा खालच्या खडकावर घासला जातो. एक बाजू सपाट होते, मग दगड थोडा कलंडतो आणि दुसरी बाजू घासली जाते. त्यामुळे जुन्या कोळशाच्या इस्त्रीसारखा आकार येतो: तळ सपाट, कडा किंचित गोलसर, एक टोक निमुळतं. सपाट बाजूवर समांतर ओरखडे, आणि त्यांना तिरके छेदणारा ओरखड्यांचा दुसरा संच. ते बघायला दगड ओला करून संध्याकाळच्या तिरक्या उन्हात फिरवावा. दुपारच्या उन्हात समोर असूनही दिसत नाहीत. ओरखडे चुनखडीवर चांगले उमटतात, क्वार्टझाइटवर जेमतेम. खऱ्या हिमनदीच्या गाळातही बहुतेक दगड कोरेच असतात, त्यामुळे दहा दगडांवर ओरखडे नाहीत म्हणून लगेच निकाल देऊ नये.

उलट, ओरखडे सापडले म्हणूनही देऊ नये. जमिनीच्या आत खडक सरकले तरी दगडांवर चरे पडतात, आणि लोंढ्यात दगड दगडावर आपटूनही काही खुणा राहतात. फक्त त्या आखूड, वेड्यावाकड्या असतात. एका दिशेने शांतपणे ओढलेल्या नसतात.

दगडांची जात त्यापेक्षा जास्त बोलते. सह्याद्रीतल्या दरडीच्या ढिगाऱ्यात बेसाल्ट सापडेल, मुरूम सापडेल, लाल माती सापडेल. ग्रॅनाइट सापडणार नाही, कारण वरच्या डोंगरात तो नाहीच. लोंढा आपल्या उताराचंच सामान खाली आणतो. मोठी हिमनदी शेकडो किलोमीटर चालू शकते आणि वाटेत भेटेल ते उचलते, म्हणून तिच्या गाळात ग्रॅनाइट, नाइस, क्वार्टझाइट, चुनखडी असे परगावचे पाहुणे एकाच पंगतीत बसलेले असतात. लोंढ्याची आणखी एक खोड आहे. घट्ट चिखलात मोठे धोंडे वर आणि पुढे सरकतात, त्यामुळे थराच्या तळाशी बारीक आणि वर मोठं, अशी उलटी रचना कधी कधी दिसते. शिवाय वाटेतल्या ओल्या मातीचे लचके तोडून तो आपल्या पोटात घेतो.

पण खरा निकाल बहुतेक वेळा त्या खडकात नसतोच. तो खालच्या फरशीवर, म्हणजे हा थर ज्या खडकावर बसला त्याच्या पृष्ठभागावर असतो, आणि वरच्या थरात.

फरशी बघायला लांब जायला नको. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. (इरई म्हटलं की चंद्रपूरकरांना धरण आठवतं, ते इरई नदीवरचं, हे गाव वेगळं.) तिथे जुन्या चुनखडीच्या वर तालचीर बोल्डर बेड नावाचा धोंड्यांचा थर बसलेला आहे. वय सुमारे 30 कोटी वर्षं. 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना इथे धोंड्यांवर ओरखडे दिसले, आणि धोंड्यांखालची चुनखडी गुळगुळीत घासलेली, समांतर चर पडलेली दिसली.

या शोधाचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. ओडिशात तालचीरला त्याच सर्वेक्षणाचे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी 1856 सालीच हा थर बघितला होता आणि दगड बर्फाने आणले असावेत असं लिहिलं होतं. पण तालचीर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. तिथे हिमनदी म्हणायला जीभ रेटणार कशी? युरोपातही हिमयुगाची कल्पना तेव्हा नवीनच होती. त्यामुळे पाण्याच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फावर त्यांनी भागवलं. इरईच्या फरशीने पारडं फिरवलं. लोंढाही खालच्या मातीला चर पाडू शकतो, पण ती ओली, मऊ असेल तर. मग चराच्या दोन्ही कडांना माती थोडी वर दाबली जाते. इरईची चुनखडी बोल्डर बेडच्या कित्येक कोटी वर्षं आधीच दगड झालेली होती. असा टणक खडक गुळगुळीत करून त्यावर चर ओढायला वरून दाबलेला, दगड अडकलेला जड बर्फ लागतो. तो उष्ण कटिबंधात आला कुठून, याचं उत्तर पुढे खंड सरकतात हे पटल्यावर मिळालं. भारत तेव्हा गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळ नोइटगेडाख्टला त्याच हिमयुगात घासलेली लाव्हाची फरशी आहे.

फरशी मऊ होती की टणक, या एका प्रश्नावर किती भांडणं होतात याचा नमुना नॉर्वेच्या उत्तर टोकाला आहे. बिग्गान्यार्गाला वालुकाश्मावर समांतर चर आणि त्यावर जेमतेम दोन-तीन मीटर जाडीचा डायमिक्टाइट. हान्स रॉइश यांनी 1891 साली तो हिमनदीचा म्हणून जाहीर केला. पुढे काहींनी म्हटलं, वाळू तेव्हा मऊच होती, हा लोंढा आहे. मग कुणी सूक्ष्मदर्शकाखाली वाळूचे कण बघून म्हटलं, नाही, टणक होती. शंभर वर्षांहून जास्त काळ चाललेला हा वाद आहे.

वरच्या थरात काय बघायचं? तालचीरच्या धोंड्यांच्या थरावर हिरवट शेल, म्हणजे बारीक चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा खडक, येतं. ऊन-पाऊस खाल्लं की त्याच्या सुया पडतात, बोटांत घेतल्या की कटकन मोडतात. अशा शेलमध्ये वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे असतात आणि मध्येच एखादा मुठीएवढा दगड. त्याच्याखालचे पापुद्रे खोलगट वाकलेले, वरचे त्याच्यावरून गोधडीसारखे पांघरलेले. म्हणजे शांत पाण्याच्या तळाशी बारीक गाळ बसत असताना दगड वरून पडला. लोंढ्याने आणला असता तर पापुद्रे फाटले असते. तो वाहून आला तरंगत्या हिमनगात, बर्फ वितळला आणि सुटला. शंकेखोर माणूस इथे विचारतो, तरंगत्या झाडाच्या मुळांत अडकून आला नसेल कशावरून? रास्त शंका आहे. म्हणूनच जमिनीवर झाडं उगवण्यापूर्वीच्या खडकांत असा दगड सापडला की त्याची साक्ष जास्त वजनाची.

या कसोट्या नीट लावल्या नाहीत की काय होतं, ते बॉस्टनजवळच्या स्क्वांटमला दिसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला डायमिक्टाइट ‘स्क्वांटम टिलाइट’ म्हणून गाजला. 1961 मध्ये रॉबर्ट डॉट यांनी तो समुद्रतळावरच्या घसरणीचा असू शकतो असं मांडलं. 1974 मध्ये शेर्मरहॉर्न यांनी तर प्राचीन ‘हिमनदी’ गाळांची यादीच तपासायला घेतली आणि त्यांतले बरेचसे डोंगर उचलले जाताना झालेल्या घसरणींच्या खात्यात टाकले. माझ्या मते त्यांनी हात जरा सैलच सोडला. त्यांतले काही पुढे परत बर्फाच्या खात्यात आले.

कारण ‘हे की ते’ हा प्रश्नच कधी कधी चुकतो. हिमनदी तळ्याच्या किंवा समुद्राच्या काठाशी येऊन संपली की तिने टाकलेला चिखल उतारावर साठतो, जड होतो आणि घसरतो. दगड इस्त्रीच्या आकाराचे, परगावचे, ओरखडे असलेले. पण थर लोंढ्याचा. घसरणीच्या खुणा दिसल्या म्हणून बर्फ नव्हता असं होत नाही. बर्फ तिथेच होता की उताराच्या वर कुठेतरी, एवढंच ठरवायचं उरतं. ते ठरवायला पुन्हा फरशी लागते.

इरईला गेलात तर हातोडी गाडीतच ठेवा. तिथला पुरावा दगडाच्या पोटात नाही, पाठीवर आहे, काही मिलिमीटर खोलीचा.