जुनी इटालियन गाडी रिस्टोअर करायला देताय? रंगाआधी कागद

गाडी घेऊन येणारे बहुतेक जण पहिली चौकशी रंगाची करतात. आम्ही मात्र आधी विचारतो, "ही गाडी तुमच्याआधी कोणाकोणाकडे होती?" काहींना हा भोचकपणा वाटतो, म्हणून हे पत्रक.

लॅम्बोर्गिनी मिउरा या इटालियन स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. (आमच्या गॅरेजात ती कधी आलेली नाही, येईल अशी आशाही नाही.) 'दि इटालियन जॉब' या 1969 च्या चित्रपटाच्या सुरुवातीला आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून एक नारिंगी मिउरा धावते, बोगद्यात शिरते, तिचा चक्काचूर होतो आणि ती दरीत ढकलली जाते. प्रत्यक्षात गाड्या दोन होत्या. दरीत गेली ती आधीच अपघातात मोडलेली होती. घाटात पळाली ती कोरी करकरीत, चेसिस नंबर 3586. शूटिंग आटोपल्यावर ती कारखान्यात परतली, रोममधल्या ग्राहकाला विकली गेली आणि मग या हातातून त्या हातात फिरत राहिली. सिनेमातली गाडी नेमकी कोणती, यावर शौकिनांचे वाद पुढे कित्येक वर्षं चालले.

2018 मध्ये ती लिख्टेनश्टाइनच्या द कायझर कलेक्शन या गाड्यांच्या संग्रहाकडे आली. लॅम्बोर्गिनीच्या 'पोलो स्टोरिको' या जुन्या गाड्यांच्या विभागाने कागद तपासले, गाडी तपासली, जुन्या कामगारांना बोलतं केलं आणि 2019 मध्ये 'हीच ती' असं शिक्कामोर्तब केलं. त्या कामगारांत एन्झो मोरुझी होते. गाडी सेटवर पोचवली त्यांनी आणि शूटिंगमध्ये चालवलीही त्यांनीच. त्यांनी सांगितलेली गोष्ट आम्हाला फार आवडते. गाडीच्या सीट पांढऱ्या चामड्याच्या. शूटिंगमध्ये खराब होतील म्हणून त्या काढून कारखान्यातल्या काळ्या सीट बसवल्या. पण मिउराचे हेडरेस्ट (डोकं टेकायच्या गाद्या) सीटला नसतात, केबिन आणि मागचं इंजिन यांच्यामधल्या काचेला पक्के केलेले असतात. ते काढायला वेळ नव्हता. म्हणून चित्रपटात सीट काळ्या आणि हेडरेस्ट पांढरे दिसतात!

मिउराचं हे पहिलं पी 400 मॉडेल जेमतेम पावणेतीनशे बनलं. नारिंगी रंग कुठल्याही मिउराला मारता येतो. पांढऱ्या हेडरेस्टचा किस्सा कागदावर नसतो. तो माणसांच्या आठवणीत आणि गाडीच्या पोटात असतो. एखाद्या उत्साही मिस्त्रीने मधेच 'सगळं मॅचिंग करून टाकू' म्हटलं की असा पुरावा गेलाच. त्यामुळे पत्र्याला हात लावण्याआधी आम्ही दोन दिवस नुसते फोटो काढतो. दारांच्या आतला मूळ रंग, सीटखालचं कापड, वायरिंगच्या गाठी, चेसिस आणि इंजिनवर ठोकलेले नंबर. या दोन दिवसांचे पैसे आम्ही बिलात लावतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

आणि कधीकधी रिस्टोरेशन न करणंच शहाणपणाचं असतं. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात 1961 ची फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे 1 कोटी 63 लाख युरोला गेली. पश्चिम फ्रान्समधल्या एका शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली ती धूळ खात पडली होती. लिलावाआधी तिला चकचकीत केलं नाही. ती कधीकाळी अभिनेता आलाँ देलाँची होती आणि तसे फोटो होते. त्या धुळीलाही किंमत आली.

आपल्याकडे मामला साधा आहे, बहुधा कुर्ल्यात बनलेली फियाट असते. पण 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणी हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नवी नोंदणी 20,000 रुपयांत दहा वर्षांसाठी होते. परदेशातून आणलेल्या गाडीला बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, लागते. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर काढायची.

पहिल्या भेटीला येताना आरसी बुक, विम्याचे जुने कागद, आजोबांच्या लग्नातला गाडीसमोरचा फोटो, जे सापडेल ते आणा. आधीचे मालक हयात असतील तर त्यांना एक फोन करून ठेवा. काढलेला प्रत्येक जुना भाग आम्ही चिठ्ठी लावून परत देतो. माळ्यावर जागा नाही म्हणून तो भंगारवाल्याला देऊ नका, आमच्याकडे ठेवा. भाडं घेणार नाही.