ओनी की व्हॅम्पायर? एका अक्षराचा घोळ

‘डीमन स्लेयर’ ही जपानी अॅनिमे मालिका बघितलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. त्यातले ओनी, म्हणजे जपानी राक्षस, रात्रीच फिरतात, उन्हात जळून जातात, रक्त देऊन दुसऱ्याला आपल्यासारखं करतात. मग ते व्हॅम्पायरच ना? परवा भाचीने हेच विचारलं. मी ठासून ‘नाही’ म्हणालो आणि तासाभराने ‘बरं, अर्धे’ यावर तडजोड केली.

घोळ लिपीतच आहे. व्हॅम्पायरला जपानीत ‘क्यूकेत्सुकी’ म्हणतात. त्यात तीन कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं) येतात: शोषणे, रक्त आणि ओनी. हे तिसरं अक्षर एकटं असलं की ‘ओनी’ वाचायचं, जोडशब्दात ‘की’. ‘डीमन स्लेयर’चं मूळ नाव ‘किमेत्सु नो याइबा’, त्यातला ‘कि’ही हाच. म्हणजे जपानी वाचकाला व्हॅम्पायर हा शब्दातच ‘रक्त पिणारा ओनी’ दिसतो. इंग्रजी सबटायटलमध्ये एकाचा डीमन होतो, दुसऱ्याचा व्हॅम्पायर, आणि नातं पुसलं जातं. (आपल्या वेताळाचं उलटं झालं. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये त्याला इंग्रजीत थेट व्हॅम्पायर करून टाकलं. बिचारा विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो, रक्ताचा विषय नाही.)

अस्सल ओनी म्हणजे डोक्यावर शिंगं, लाल किंवा निळं अंग, कमरेला वाघाचं कातडं, हातात लोखंडी सोटा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन सणाच्या दिवशी घरोघरी ‘ओनी बाहेर, सुख आत’ असं ओरडत भाजलेले सोयाबीन फेकून ज्याला हाकलतात, तो हा. ओएयामा डोंगरावरचा शुतेन-दोजी हा त्यांचा म्होरक्या. माणसं पळवून खायचा. योद्धा राइकोने त्याला दारू पाजून मुंडकं उडवलं, तरी ते मुंडकं उडी घेऊन राइकोच्या शिरस्त्राणाला चावलं. जुने ओनी पहाट झाली की निघून जातात, उन्हाने त्यांची राख होत नाही. आणि ओनी व्हायला कुणी चावावं लागत नाही. मत्सराने, संतापाने माणूस आपला आपणच ओनी होतो. ‘नो’ या पारंपरिक जपानी नाटकातला शिंगांचा हान्न्या मुखवटा अशाच बाईचा.

व्हॅम्पायर जपानमध्ये पाहुणा म्हणून आला आणि अजूनही पाहुण्यासारखाच वागतो. कोट, वाडा, गुलाब, युरोपातली नावं. हागिओ मोतो यांच्या १९७२ च्या ‘पो नो इचिझोकु’ या मांगाचा (जपानी चित्रकथेचा) नायक एडगर कायम चौदा वर्षांचाच राहतो, भोवतालची माणसं म्हातारी होत जातात. माझ्या मते जपानी व्हॅम्पायरकथांची सगळी ओढ इथे आहे. क्रूस तिथे बहुतेक वेळा शोभेचा. देवाशी भांडण नाही, आहे ते न संपणारं तारुण्य आणि त्यातला एकटेपणा. शिवाय रक्त घेतलं तरी समोरचा जिवंत राहू शकतो, म्हणून प्रेमकथा जमते. अॅनिमे ‘व्हॅम्पायर नाइट’ (२००८) असो की ‘योफुकाशि नो उता’ (२०२२), जिथे व्हॅम्पायर होण्यासाठी आधी व्हॅम्पायरच्या प्रेमातच पडावं लागतं. ओनीच्या प्रेमात पडायची सोय नाही, तो तुम्हाला खातो. ‘हेलसिंग’ मालिकेसारखा रक्तपात करणारे व्हॅम्पायरही आहेत, पण तिथेही मालक-सेवकाचं नातं सुटत नाही.

आता ‘डीमन स्लेयर’. मुझान हा सगळ्या ओनींचा मूळपुरुष, हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातला आजारी माणूस, औषधाने असा झाला. त्याच्या रक्तातून बाकीचे होतात, हा नियम सरळ व्हॅम्पायरचा. उन्हाने मरणंही तिकडचंच, आणि तिकडेही ते फार जुनं नाही. ब्रॅम स्टोकरचा १८९७ चा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, सूर्याने मरणं पडद्यावर आलं ते १९२२ च्या ‘नोस्फेराटु’पासून. गंमत तलवारीत आहे. ओनी मारायच्या निचिरिन तलवारीचं धातुक सूर्यप्रकाश शोषलेलं असतं, आणि तिने मानच उडवावी लागते. सूर्य युरोपच्या सिनेमातला, मान शुतेन-दोजीची, एकाच वारात दोन्ही. टोकियोतल्या असाकुसाच्या गर्दीत मुझान दिसतो तोही पांढरी हॅट आणि पाश्चात्त्य सूट घालून, बाकीचे बरेच लोक किमोनोत असताना.

पण मरण मात्र ओनीचं. मान उडाल्यावर अनेकांची आधीची माणूसपणातली जखम उघडते, आणि मालिकेचा नायक तांजिरो त्यांच्यासाठी हळहळतो. हान्न्याच्या मुखवट्यातही रागाखाली दुःख असतंच. ही करुणा व्हॅम्पायरकडून उसनी घ्यावी लागलेली नाही.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, “मग तामायो?” ती ओनी आहे, पण माणूस मारत नाही. गरिबांकडून थोडं रक्त विकत घेते आणि तेवढ्यावर शतकानुशतकं तरुण राहते, झुरत. तिच्यापुरतं मला अर्ध्यावरून पाऊणवर यावं लागलं.