हाडाच्या ऑपरेशनआधीचं रक्त: नमुना आणताना एवढं सांभाळा

कॅन्सर हाडात पसरलाय, मिरजेत ऑपरेशन ठरतंय आणि डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्यांची भलीमोठी यादी हातात दिलीय. घरची माणसं आमच्या लॅबच्या काउंटरवर येतात आणि विचारतात, "बायोप्सी झाली, स्कॅन झाला, आता परत हे सीआरपी, एलडीएच, अल्ब्युमिन कशाला?" प्रश्न रास्त आहे. खर्च आधीच कमी झालेला नसतो.

मांडीचं हाड मोडलं असेल किंवा मोडायच्या बेतात असेल, तर सर्जनपुढे दोन वाटा असतात. आत रॉड घालून पेशंटला लवकर पायावर उभं करायचं, नाहीतर गाठीसकट हाड काढून कृत्रिम सांधा बसवायचा. दुसरं ऑपरेशन मोठं, सावरायलाही वेळ घेतं. पेशंटला पुढे किती काळ मिळेल याचा अंदाज असला की यातलं त्याला झेपेल आणि उपयोगी पडेल ते निवडता येतं. त्या अंदाजात रक्ताचा वाटा आहे. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी म्हणजे बहुतेकदा अंगातली ताकद ओसरतेय किंवा आत दाह, म्हणजे सूज, चालू आहे. सीआरपी तोच दाह दाखवतो. एलडीएच वाढलं की बहुतेकदा पेशींची मोडतोड जास्त होत असते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन बघतात, आणि पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल्स लिम्फोसाइट्सच्या किती पट आहेत तेही. हाडं विरघळू लागली की कॅल्शियम चढू शकतं. अल्ब्युमिन कमी असेल तर ते आहे त्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून दोन्ही एकाच रक्तात केलेली बरी.

जपानमधले सर्जन काटागिरी यांनी २०१४ मध्ये सुधारून मांडलेली गुणपद्धत बरेच सर्जन वापरतात. तिच्यात सीआरपी ०.४ (mg/dL मध्ये) किंवा जास्त, एलडीएच २५० किंवा जास्त, अल्ब्युमिन ३.७ पेक्षा कमी, यातलं एक जरी असलं तरी एक गुण वाढतो. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, कॅल्शियम १०.३ किंवा जास्त, नाहीतर काविळीत वाढणारं बिलिरुबिन १.४ किंवा जास्त असेल तर दोन. गुण जितके जास्त तितका अंदाज वाईट. म्हणून रक्तातला एक चुकीचा आकडाही इथे महाग पडतो, आणि तो आकडा बऱ्याचदा पेशंटमुळे नाही, नमुना आणताना बिघडलेला असतो.

गेल्या मे महिन्यात जतकडचा एक मुलगा वडिलांचं रक्त घेऊन आला. गावातच काढलेलं, उन्हात खराब होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात बर्फाच्या खड्यांत खोचलेलं, आणि तो डबा एसटीत मांडीवर धरून आणलेला. काळजी त्याने मनापासून घेतली होती. आम्ही बाटली मशीनवर फिरवली तर वर पिवळसर पाणी सुटायला हवं होतं, ते कोकमाच्या सरबतासारखं लाल सुटलं. बाटली बर्फाला चिकटून आतलं रक्त बर्फासारखं गोठलं होतं आणि तांबड्या पेशी फुटल्या होत्या. तांबड्या पेशींच्या आत एलडीएच बाहेरच्या शंभरपटीहून जास्त असतं, ते सगळं त्या पाण्यात उतरलेलं. पोटॅशियमही तसंच फुगलेलं दिसलं असतं. असा रिपोर्ट आम्ही देत नाही. मुलाला परत पाठवावं लागलं, ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं आणि तो आमच्यावर चिडला. त्याचा राग मला समजतो. पण तो आकडा छापून दिला असता, तर त्याच्या वडिलांच्या नावावर आजाराने न दिलेला एक गुण चढला असता.

म्हणून हात जोडून सांगतो, रक्ताची बाटली बर्फात ठेवू नका. लाल टोपणाची बाटली अर्धा तास उभी, सावलीत ठेवा आणि दोन तासांत आमच्याकडे पोचेल असं बघा. अंतर जास्त असेल तर गावातल्याच लॅबमध्ये मशीनवर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करून घ्या. तेही एलडीएचसाठी असेल तर फ्रीजमध्ये नको. जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे सीबीसीच्या, बाटलीत रक्त पडलं की ती आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा. जोरात हलवू नका, पण तशीच ठेवूनही देऊ नका. आत गाठी झाल्या की प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात, आणि प्लेटलेटचा हिशोब वर सांगितलाच आहे. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढू देऊ नका.

आणखी एक गोष्ट लोक सांगायची विसरतात: डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला की ते बहुधा लगेच देतात, आणि त्याने काही तासांत न्यूट्रोफिल्स वाढतात, लिम्फोसाइट्स उतरतात. ते झालं असेल, किंवा रक्त चढवलं असेल, तर तारीख आणि वेळ आमच्या फॉर्मवर लिहा. आम्ही ती रिपोर्टवर छापतो. अल्ब्युमिनसाठी आदल्या दिवशी चार-चार अंडी खाऊ घालू नका. खाणं चांगलंच, पण तो आकडा एका रात्रीत हलत नाही.

"साहेब, किती दिवस आहेत?" असंही कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं. ते आम्ही सांगत नाही, आणि सांगू नये असं मला मनापासून वाटतं. वरच्या पद्धतीत दहापैकी रक्ताचे जास्तीत जास्त दोनच गुण आहेत. कॅन्सर मुळात कुठला, तो यकृत-फुफ्फुसात गेला का, पेशंट स्वतः उठून चालतो का, आधी किमो झालीय का, हाडात एकाच जागी आहे की बऱ्याच, हे सगळं डॉक्टरांकडे असतं, आमच्याकडे नाही. मोबाईलवर आकडे जुळवत बसू नका. एलडीएचची नॉर्मल मर्यादा लॅबच्या पद्धतीप्रमाणे बदलते, ती रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली असते. कागद घेऊन सरळ सर्जनकडे जा.

सांगली, मिरज, कुपवाडमध्ये आमचा माणूस सकाळी साडेसहापासून घरी येऊन रक्त नेतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जत आणि कवठेमहांकाळ भागात मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्याच्या गाडीत रक्त फिरवायचं मशीन (सेंट्रिफ्यूज) आहे, सिरम तिथेच वेगळं होतं. यादीतल्या सगळ्या तपासण्या एकत्र केल्या तर सुट्यापेक्षा स्वस्त पडतात. आमच्या माणसाने काढलेला नमुना बिघडला तर दुसऱ्यांदा पैसे नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांच्या पट्ट्या समोर काढून ठेवा.